काचेबाहेर येणारी पट्टी

३ मार्च

दादा,

काल तू फोन आपटलास, म्हणून नियमाप्रमाणे हे पत्र. आईने लहानपणी घालून दिलेला नियम आपण दोघं दात पडेपर्यंत पाळणार असं दिसतंय. फोन फक्त ताप, जन्म आणि मृत्यू यांच्यासाठी, भांडण लिहून करायचं. तिला आपले गळे चांगले माहीत होते.

पण खरं सांगू, मी अजून थक्क आहे. मी विचारलं काय होतं? क्लबने आमच्या व्हिडिओ गेमच्या संघाला दोन मॉनिटर महिनाभर वापरून बघायला दिलेत. मी कप्तान, म्हणून निवड माझ्या गळ्यात. मी ज्याला हो म्हणेन तोच पाचही जणींच्या टेबलावर येणार आणि मोसमभर आम्ही त्याच्यापुढे बसून खेळणार. पहिला आहे तो हलत्या चित्राचा धूसरपणा कमी करणारा. त्याचा मागचा दिवा सारखा विझतो नि पेटतो, म्हणून आम्ही त्याचं नाव झपकीवाला ठेवलंय. दुसरा सेकंदाला कितीतरी जास्त चित्रं दाखवतो, तो वेगवाला. माझा सख्खा भाऊ एवढ्या मोठ्या दुकानाच्या तपासणी खोलीत दिवसभर मॉनिटरच तपासतो, मग मी विचारायचं कोणाला, दूधवाल्याला?

आणि तू काय म्हणालास? "झपकीवाला घेतलास तर मला तोंड दाखवू नकोस." पुढे धाडकन आवाज. मागून वहिनी म्हणत होती, अहो, हळू. तू तापट आहेस हे काही नवं नाही, पण मॉनिटरपायी बहिणीचं तोंड बघायचं नाही, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं. पोळी हातात तशीच राहिली माझ्या.

तर आता शांतपणे लिहून कळव. काय बिघडलंय त्या झपकीवाल्याचं?

तुझी भिंगरी


७ मार्च

भिंगरे,

फोन आपटला नाही, ठेवला. जरा जोरात ठेवला, एवढंच.

आधी मुळातलं सांगतो, कारण तुम्ही खेळणारी मंडळी आकडे पाठ करता आणि डोळे वापरत नाही. साधा मॉनिटर एक चित्र दाखवतो आणि पुढचं येईपर्यंत तेच धरून ठेवतो. तुझी नजर मात्र पळणाऱ्या गड्याच्या मागे लागून पुढे सरकलेली असते. चित्र जागच्या जागी, नजर पुढे, म्हणून गडी फरफटल्यासारखा दिसतो. यावर उपाय दोनच. एक, चित्र क्षणभर दाखवायचं आणि लगेच अंधार करायचा, म्हणजे फरफटायला वेळच मिळत नाही. हा तुझा झपकीवाला. कडा कशा सुरीने कापल्यासारख्या येतात. पण उजेड कमी होतो, काहींचं डोकं दुखतं, आणि कॉम्प्युटरने चित्रं एका लयीत पुरवली नाहीत तर एका गड्याचे दोन दिसतात. दुसरा उपाय म्हणजे चित्रंच इतकी भराभर बदलायची की कुठलंच फार वेळ पडद्यावर टिकत नाही. हा वेगवाला. उजेड भरपूर, डोळ्यांना निवांत, पण तेवढी चित्रं पुरवणारा दणकट कॉम्प्युटर पाहिजे, नाहीतर वेग नुसता खोक्यावर छापलेला.

एरवी मी म्हटलं असतं, दोन्ही बघ आणि आवडेल तो घे. पण त्या झपकीवाल्याचा मोठा लॉट आमच्याकडे आला आणि मी हादरलो. नेहमीप्रमाणे राखाडी पडद्यावर उभी काळी पट्टी सोडली, डावीकडून उजवीकडे आणि परत. पट्टी उजवीकडे जाताना काचेच्या बाहेर येते, भिंगरे. चांगली वीतभर. आणि परत येताना काचेच्या आत जाते, पार मागच्या भिंतीत घुसल्यासारखी. सपाट मॉनिटरवर पट्टी गोल फिरतेय. एवढी वर्षं या खोलीत काढली, असला दोष ना पाहिला ना ऐकला. मी खुर्चीवरून उठून मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आलो, आता बोल.

पण खरा धक्का पुढेच आहे. खोलीत बाकी कोणालाच हे दिसत नाही. माझ्या हाताखालचे दोघं एकमेकांकडे बघतात आणि साहेब, आम्हाला तर सरळच दिसतेय म्हणतात. रुळावरून पट्टीच्या वेगाने सरकणारा आपला कॅमेरा लावून फोटो काढले, तर फोटोतही सगळं आलबेल. मी म्हटलं, कॅमेऱ्याला एकच डोळा, त्याला आत काय नि बाहेर काय कळणार. सगळ्या खोक्यांवर लाल 'नापास' चिकटवून मोकळा झालो.

घरी ठीक. फक्त तुझी वहिनी हल्ली किल्ली धड टाकत नाही. मी कामावरून आलो की खालून हाक मारतो आणि ती गॅलरीतून खालच्या दाराची किल्ली टाकते, ही लग्न झाल्यापासूनची पद्धत तुला माहीतच आहे. गेले काही दिवस दर वेळी किल्ली माझ्या हाताशेजारून जाऊन फरशीवर. नेम गेलाय तिचा. बोललो तर रुसते.

वेगवाला घे आणि विषय संपव.

दादा


१२ मार्च

दादा,

विषय संपत नाही ना.

तू लिहिलंस तशी राखाडी पडद्यावर काळी पट्टी सोडली. पाचही जणी रांगेने बसलो. पोपटने, म्हणजे आमच्या संघातल्या सगळ्यात बडबड्या पोरीने, काचेला नाक टेकवून पाहिलं. पट्टी आपली सरळ येते, सरळ जाते. ना बाहेर, ना आत. कोचलाही बोलावलं. त्या म्हणाल्या, तुझा भाऊ गंमत तर करत नाही ना? मी म्हटलं, माझ्या भावाने गंमत केल्याचं आमच्या घराण्यात कोणाला आठवत नाही.

आणि खेळून बघितलं तर मला झपकीवालाच आवडला. पळणाऱ्या गड्याच्या डोक्यावरचं नाव पळता पळता वाचता येतं. वेगवाला छान आहे, पण आमच्या क्लबचे कॉम्प्युटर तेवढी चित्रं देत नाहीत. धुराचा देखावा आला की मशीन धापा टाकतं आणि सगळा वेग संपतो. डोकं म्हणशील तर आमच्यातल्या एकीचं जरा दुखलं, ती उजेड वाढवून दूर बसली आणि थांबलं.

पण तू नको म्हणतोस आणि मला भीती वाटते. तुझं मॉनिटरच्या बाबतीत कधी चुकल्याचं मला माहीत नाही. मी ज्याला हो म्हणेन त्यात खरंच दोष निघाला तर? तुमचाच लॉट खराब असेल आणि आमचा चांगला, असं होऊ शकतं का? तसं असेल तर तू नापास केलेल्यातलाच एक मला पाठव. मी इथे बघते.

आणि एक विचारू? झोप नीट होते ना तुझी?

भिंगरी


१६ मार्च

भिंगरे,

झोपेचं नाव काढू नकोस. इथे हाताखालची पोरं पाठीमागे हेच कुजबुजतात आणि तूही तेच.

सोबत खोकं पाठवतोय. त्यावर माझं लाल 'नापास' आहे, ते काढू नकोस. उघड, लाव, बघ, आणि मग बोल.

आता पुढचं ऐक आणि तोंडात बोट घाल. परवापासून वेगवाल्यावरही तेच दिसायला लागलंय. उजवीकडे बाहेर, डावीकडे आत. मी आधी नीट लक्ष दिलं नव्हतं. म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच कारखान्यातून काच घेतात, माझी खात्री आहे. काल ऑफिसातल्या जुन्या मॉनिटरवर पट्टी सोडली, तर तिथेही. हे किती वर्षांपासून चाललंय कोण जाणे. सगळ्यांनी मिळून डोळ्यांवर कातडं ओढलंय आणि मी एकटा ओरडतोय.

मॅनेजरने मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. म्हणाला, तुमच्या एका शब्दावर आपण अख्खा लॉट अडवलाय, कंपनीचा इंजिनिअर चोवीस तारखेला येतोय, त्याच्यासमोर दोष दाखवा. मी म्हटलं, दाखवतो. आणि नाही दाखवता आला तर ही खोली सोडून घरी बसतो. हे मी रागात बोललो नाही. माझ्याकडे डिग्री नाही, गोड बोलणं नाही. मला माझी नजर आहे, तिच्यावर माझी भाकरी आहे. ती खोटी ठरली तर त्या खुर्चीत बसायचा मला काय अधिकार?

बाहेरही लोकांचं ताळतंत्र सुटलंय. काल रस्ता ओलांडत होतो, उजवीकडून येणारी गाडी लांब होती म्हणावं तर एकदम अंगावर. चालवणाराच मला शिव्या देऊन गेला. घरी येऊन सांगितलं तर तुझी वहिनी पांढरीफटक. आणि तिने किल्ली टाकणंच बंद केलंय. तिन्ही जिने उतरून येते आणि हातात देते. विचारलं तर म्हणते, व्यायाम. या वयात हिला व्यायाम सुचला.

ए.सी.चा वारा थेट उजव्या बाजूला बसतो, त्याने उजवा डोळा फिरवला की दुखतो. बाकी मी ठणठणीत आहे.

दादा


२० मार्च

दादा,

हे पत्र बसून, सावकाश, पूर्ण वाच. मधेच चुरगाळू नकोस. तुला आईची शपथ.

मी आज तुला फोन केला. तू विचारलंस, ताप आहे का? मी म्हटलं नाही, पण तुझा डोळा... तर तू म्हणालास, तूही मॅनेजरच्या बाजूची झालीस, लिहून पाठव, आणि ठेवलास. मी पुन्हा केला, तू उचलला नाहीस.

काय झालं ते सांगते. तुझं खोकं आलं. लाल चिठ्ठीसकट मॉनिटर लावला, पट्टी सोडली. पट्टी सरळ. आम्ही पाचही जणींनी पाहिलं, सरळच. मला तुझ्यासाठी वाईट वाटायला लागलं, आणि खरं सांगते, थोडा रागही आला. पट्टी तशीच चालू ठेवून आम्ही चहा घ्यायला बसलो. तेवढ्यात पोपट तिच्याच गॉगलवर बसली. डावी काच निखळून पडली, उजवी काळी काच तेवढी राहिली. ती तो तसाच घालून सगळ्यांना हसवत फिरायला लागली. मी तिच्या नाकावरून ओढून काढला, स्वतःच्या नाकावर ठेवला आणि सहज मान वळवली.

पट्टी काचेच्या बाहेर आली, दादा.

उजवीकडे जाताना बाहेर, वीतभर. परत येताना आत, भिंतीत. अगदी तू लिहिलंस तशी. मी गॉगल काढला, पट्टी सरळ. घातला, पुन्हा गोल. मग मी गॉगल उलटा करून धरला, म्हणजे काळी काच डाव्या डोळ्यावर आली, तर सगळं उलटं झालं. उजवीकडे जाताना आत, परत येताना बाहेर. मग सगळ्यांनी घालून पाहिलं. सगळ्यांना दिसलं. पोपट आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली. कोच म्हणाल्या, काळ्या काचेतून उजेड कमी जातो, त्या डोळ्याचा निरोप मेंदूला उशिरा पोचतो, एक डोळा आत्ताचं बघतो आणि दुसरा मघाचं, म्हणून सपाट गोष्ट खोल दिसते.

दादा, तू गॉगल घालून बसत नाहीस. मग तुझ्या उजव्या डोळ्यावर ही काळी काच कुठून आली?

दोष एका मॉनिटरचा असता तर दुसऱ्यावर दिसला नसता. तिसऱ्यावर तर नाहीच. गाडी उजवीकडून आली आणि तुला तिचं अंतर कळलं नाही. डोळा फिरवला की दुखतो. आणि किल्ली. मी वहिनीला फोन केला. मी नुसतं किल्लीचं विचारलं आणि ती रडायलाच लागली. म्हणाली, मी नीटच टाकते गं, ह्यांचा हातच भलतीकडे जातो. सांगायची हिंमत होत नाही, डोळ्याचं नाव काढलं तर ह्यांचं जगच कोसळेल. म्हणून ती जिने उतरते. व्यायाम नाही तो.

चोवीस तारखेला त्या खोलीत जाऊ नकोस. आधी डॉक्टरकडे जा. आणि जाणारच असशील, कारण तू तू आहेस, तर एवढं कर. पट्टी चालू असताना आधी एक डोळा झाक, मग दुसरा. मॉनिटरला कळत नाही तू किती डोळ्यांनी बघतोयस. दोष त्याच्यात असेल तर तो कुठे जाणार नाही.

पत्र कुरियरने पाठवतेय. वहिनी ते तुझ्या खिशात ठेवेल.

मी खूप घाबरले आहे.

भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचलं, अर्धं. गॉगलपर्यंत आलो आणि डोकंच फिरलं. पोरीटोरींच्या खेळातला मोडका गॉगल आणि माझी नजर, एका तराजूत. चुरगाळून खिशात कोंबलं आणि आत गेलो.

खोलीत मॅनेजर, कंपनीचा इंजिनिअर आणि माझे दोघं. इंजिनिअर तरुण, सभ्य माणूस. मी त्याला खुर्ची दिली, दिवे मंद केले, पट्टी सोडली. ती माझ्या डोळ्यांसमोर काचेतून बाहेर आली, नेहमीपेक्षाही जास्त. मी बोट दाखवून म्हटलं, ही बघा. त्याने वाकून पाहिलं, शेजारी सरकून पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, मला दिसत नाही हो. कुत्सितपणे म्हणाला असता तर मी भांडलो असतो. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मॅनेजर खाली फरशीकडे बघत होता.

तेव्हा मला तुझी शपथ आठवली. खिशातून पत्र काढून पडद्याच्या उजेडात उरलेलं वाचलं आणि तुला खोटं पाडायचंच म्हणून मी उजवा डोळा झाकला.

पट्टी सरळ झाली.

मला वाटलं, कोणीतरी मॉनिटर बदलला. हात काढला, पट्टी बाहेर आली. मग डावा झाकला. पट्टी पुन्हा सरळ. पण या वेळी सगळी खोलीच विझल्यासारखी झाली, काजळी धरलेल्या काचेतून बघावं तशी. समोर खोक्यावर माझी नापासची चिठ्ठी होती. डाव्या डोळ्याने लालभडक. उजव्याने विटकी, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी. मी आलटून पालटून डोळे झाकत राहिलो. लाल, विटकी, लाल, विटकी. किती वेळ ते मला माहीत नाही.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला काल कळलं. रोज सकाळी मी त्या खोलीत दोन्ही डोळे उघडे ठेवून बसलो, जगातल्या प्रत्येक मॉनिटरमध्ये खोट काढली, आणि एकदाही एक डोळा झाकून बघितलं नाही. कॅमेऱ्याला एकच डोळा म्हणून मी त्याची टिंगल केली. तो बरोबर होता.

मी दिवे लावले आणि म्हटलं, "मॉनिटरला काही झालेलं नाही. जे झालंय ते मला झालंय."

इंजिनिअर आपली बॅग तिथेच टाकून माझ्याबरोबर खाली आला आणि गाडी थांबवून दिली. त्याच्यासाठी मी मनात काय काय शब्द जमवून ठेवले होते, आठवून लाज वाटते. घरी पोचलो तर तुझी वहिनी खालच्या दारात उभी होती. मी म्हटलं, उजवा गेला बहुतेक. ती चपला घालून माझ्याबरोबर निघाली. पिशवी तयारच होती तिची.

मला भीती वाटते भिंगरे. हे मी तिला बोललेलो नाही, तुला लिहितोय. हे डोळे गेले तर मी कोण? डॉक्टर उद्या डोक्याचा फोटो काढणार आहेत.

दादा


४ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मी क्लबच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. वहिनीकडून रोज कळतंय. डोळ्यामागची नस सुजली आहे, शिरेतून औषध चालू आहे, वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. मी वेळेत हा शब्द तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

मी यायला निघाले होते, पण तू वहिनीकरवी निरोप पाठवलास की निवड झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस. इस्पितळात पडूनही अरेरावी सुटत नाही.

तर झाली निवड. झपकीवालाच. कोचला मी तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं, ते फरफटणाऱ्या गड्याचं. त्या म्हणाल्या, इतकं सोपं करून आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आमचे कॉम्प्युटर जेवढी चित्रं लयीत देऊ शकतात तेवढ्याला तोच बरा, असं तुझ्याच हिशोबाने ठरलं. तुझं सगळं बरोबर होतं दादा, फक्त पट्टी सोडून.

माझ्या टेबलावर मी तू पाठवलेलाच ठेवला आहे. नापासची चिठ्ठी अजून आहे त्यावर. तू बरा होऊन स्वतःच्या हाताने काढायची.

तू कोण म्हणून विचारलंस. मॉनिटर तपासणारे पुष्कळ असतील. भर सभेत, स्वतःच्या तोंडाने, मला झालंय म्हणणारा मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

भिंगरी


२९ एप्रिल

भिंगरे,

हे अक्षर माझंच आहे, तुझ्या वहिनीचं नाही.

लाल रंग परत आला. एकदम नाही, रोज थोडा थोडा. सकाळी उठलो की आधी डावा झाकतो आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या लाल काट्याकडे बघतो. काल तो लालच होता, तरी मी तुझ्या वहिनीला बोलावून विचारलं, हा लाल आहे ना? ती म्हणाली, आहे. डॉक्टर म्हणतात, दिसणं जवळजवळ पूर्ण येईल, पण नस किंचित मंद राहील. हे पुन्हा होईल का, ते कोणी छातीठोक सांगत नाही. तपासण्या चालू राहणार. हे असं आहे.

कामावर गेलो होतो. खुर्ची सोडतो म्हणालो, तर मॅनेजर म्हणाला, सोडा, पण शेजारच्या खुर्चीत बसा. आता पट्टी हाताखालची पोरं बघतात, कॅमेरा बघतो, आणि काय बघायचं ते मी सांगतो. मी हळूच पट्टी सोडून पाहिली. अजून बाहेर येते, बोटभर. मी कोणाला बोललो नाही, नुसता एक डोळा झाकला आणि पोरांना म्हटलं, तुम्ही सांगा. सरळ आहे साहेब, म्हणाले. मी मान्य केलं. दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवणं जड जातं, अजून जातं. लॉट सगळा सुटला. लाल चिठ्ठ्या मी स्वतः काढल्या, नखं दुखली. तुझ्याकडची तेवढी राहिली आहे, ती काढायला येईन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

इस्पितळातून आल्यापासून तुझी वहिनी किल्ली घेऊन जिने उतरतेच आहे. काल संध्याकाळी मी खाली आलो, हाक मारली. ती गॅलरीत आली आणि नेहमीप्रमाणे आत वळली. मी म्हटलं, थांब, टाक. तिने मान हलवली. मी पुन्हा म्हटलं, टाक गं, पडली तर उचलीन. ती कठडा धरून माझ्याकडे बघत राहिली. शेजारचे वर बघायला लागले. मग तिने हात पुढे केला आणि सोडली.

किल्ली खाली यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस काय काय विचार करतो, विचारू नकोस. मी दोन्ही हात पुढे केले. ती आधी छातीवर आपटली आणि मग हातात आली. मी मूठ मिटून बघत राहिलो. माझाच विश्वास बसेना. मूठ उघडली, होती. पुन्हा मिटली. वर पाहिलं तर तुझी वहिनी दिसेना. ती गॅलरीतच खाली बसली होती, गजांमधून नुसता तिचा पदर दिसत होता, आणि ती मोठ्याने रडत होती. मी दार उघडून तिन्ही जिने पळत चढलो.

तुला फोनच करणार होतो, नंबरही लावला होता. मग आठवलं, हा ना ताप, ना जन्म, ना मृत्यू. आईच्या नियमात हे कुठे बसतं ते मला ठरवता येईना, म्हणून लिहून कळवतोय.

दादा